मागे किती इंजिनं?

चवथीला रजा मिळाली नाही, म्हणून डिसेंबरात आलोय. कुळ्याला घरच्या बाल्कांवात, म्हणजे ओसरीवर, बसून लिहितोय. समोर स्टेशनचं यार्ड आहे आणि सांगायची गोष्ट थोडी लाजेची आहे.

इंग्लंडातलं स्विंडन कुठे आहे हे गोव्यात कुणाला सांगावं लागत नाही. वाड्यावाड्यावरचं कुणी ना कुणी तिथल्या गोदामात रात्रपाळी करतंच, मीही करतो. पण ते शहर मुळात रेल्वेनं वसवलेलं, याची तिथल्या आपल्याच माणसांना फारशी पडलेली नसते. १८४३ मध्ये तिथे इंजिनांचा कारखाना सुरू झाला, १९८६ मध्ये बंद झाला. आता त्याच्या एका भागात म्युझियम आहे, दुसऱ्यात कपड्यांची दुकानं. कामगारांचं वाचनालय आणि नाटकाचा हॉल ज्यात होता, ती मेकॅनिक्स इन्स्टिट्यूटची इमारत मात्र कारखाना गेल्यापासून ओस पडलीय. ‘जपावं तर इंग्रजांनी’ म्हणणाऱ्या नातेवाइकांना मी आधी तिच्या फळ्या ठोकलेल्या खिडक्यांचा व्हिडिओ पाठवतो.

तर माझी रविवारची चैन म्हणजे बंद पडलेल्या लाईनी शोधायच्या आणि कॅमेऱ्यात धरायच्या. तिकडे त्यांचा तोटा नाही. १९६३ मध्ये बीचिंग नावाच्या, तिथल्या रेल्वेच्या मुख्य साहेबानं अहवाल दिला आणि दोन हजारांहून जास्त स्टेशनं बंद करायला सांगितली. आमच्या ओल्ड टाऊनमधली लाईन तर त्याच्याही आधी गेली. शेवटची पॅसेंजर सप्टेंबर १९६१ मध्ये सुटली. आपल्याकडे गोवामुक्तीला तीन महिने होते. आज तिथे रूळ नाहीत, चालण्या-सायकलीची वाट आहे. दोन्ही बाजूंना तासलेली दरड, वर ब्लॅकबेरीची काटेरी जाळी, आणि उतार इतका सावकाश की पायाला कळतं, ही वाट माणसासाठी नव्हे, इंजिनासाठी आखलेली.

तिथेच एक म्हातारा भेटला. हातात कुत्र्याची साखळी, अंगात तेलकट जॅकेट. लहानपणी याच लाईनीवरून आईचा हात धरून गेलेला. मी ट्रायपॉड लावलेला पाहून स्वतःच थांबला आणि प्लॅटफॉर्म कुठून कुठे होता ते पावलं टाकून दाखवलं. मग विचारलं, कुठला तू? गोवा म्हटलं की तिकडे समुद्र, पार्टी, हिप्पी हे ठरलेलं. हा म्हणाला, “मार्मागोवा! मीटर गेज!” म्हणजे आमच्या मुरगाव बंदरातून कुळ्यावरून घाट चढणारी रेल्वे, तिच्या जुन्या अरुंद रुळांसकट. मी गप्प. त्याला घाटाचा चढ माहीत होता, ३७ला १, म्हणजे ३७ फुटांमागे एक फूट वर. कंपनी लंडनची, पैशाची हमी पोर्तुगालची, १८८८ मध्ये हद्दीपलीकडच्या कॅसलरॉकला ब्रिटिश लाईनीला जोडली, सगळं पाठ. “तुझ्या त्या लाईनीचा व्हिडिओ दाखव,” म्हणाला. माझ्याकडे नव्हता. ज्या लाईनीच्या आवाजावर आमच्या घरात चहा चढतो, तिचा एक मिनिटाचा तुकडा नव्हता.

रागही आला, खरं सांगतो. तुमची लाईन तुम्ही स्वतः मारली, तिच्यावर सायकली फिरवल्या, म्हणून तुम्हाला तिचं प्रेम परवडतं. आमची अजून दूधसागराच्या अंगावरून माल ओढतेय. आणि त्याला जे पाठ नव्हतं ते मी सांगितलं. ही रेल्वे ज्या १८७८च्या करारातून आली, त्याच करारानं गोव्याच्या मिठाचा कारभार ब्रिटिशांच्या हाती गेला. बदल्यात पोर्तुगीज सरकारला वर्षाला चार लाख रुपये. मिठागरवाल्यांच्या चुली विझल्या आणि त्यातली माणसं मुंबईला गेली. म्हाताऱ्यानं शांतपणे ऐकलं. मिठाचं मला माहीत नव्हतं, म्हणाला. मी थोडा जिंकल्यासारखा घरी आलो.

म्हणून या खेपेला कॅमेरा घेऊन आलो. आमची आजी सांगायची, पूर्वी कुळ्याला गाडी थांबवून पोर्तुगीज शिपाई ट्रंका उघडायचे, पुढे कॅसलरॉकला परत दुसऱ्यांची झडती. १९५५ मध्ये भारतानं गोव्याची नाकेबंदी केली आणि गाडीच थांबली. हे सगळं जोडून काहीतरी करायचं होतं. एका स्टेशनावर, कुठलं ते लिहीत नाही, ट्रायपॉड उघडला आणि दहाव्या मिनिटाला खाकीतला एक जण धावत आला. परवानगी? नाही. मग पुसून टाक. २०२३च्या पावसात दूधसागरला रुळांवरून चालणाऱ्यांना उठाबशा काढाव्या लागल्या, तो व्हिडिओ सगळ्यांनी पाहिलाय, मी हुज्जत घातली नाही. तिकडेही एका बोगद्यापाशी पिवळ्या जॅकेटवाल्यानं मला अडवलं होतं, चालू रुळावर पाय टाकलास तर हजार पौंडांपर्यंत दंड. पण ‘सर’ म्हणून. इथे ‘ए’ म्हणून. त्या ‘सर’ची सवय लागलीय हे मला आवडत नाही, पण लागलीय.

पुसून झाल्यावर त्यानं निरखून पाहिलं. “कोणालो रे तूं?” वडिलांचं नाव सांगितलं. चेहरा बदलला. खाणी चालू असताना बाबांचे दोन ट्रक होते, २०१२च्या खाणबंदीनंतर ते अंगणात उभेच राहिले, हे या भागात सगळ्यांना माहीत. मग मला बाजूला घेऊन हळूच, “ते पोर्तुगीज पासपोर्टाचं काम कितीला होतं? भाचा आहे माझा.” पोर्तुगीज राजवटीत जन्मलेल्या आजोबा-बाबांच्या जन्माची लिस्बनला नोंद कशी करतात ते मी त्याला अर्धा तास समजावलं. लोक म्हणतात पासपोर्ट घेतला म्हणजे देश विकला. म्हणोत. अंगणातल्या ट्रकांचे हप्ते त्यांनी फेडले नव्हते.

घरी येऊन पाहतो तर आवाजाचं वेगळं यंत्र पिशवीत चालूच राहिलेलं. चित्र नाही, पण घाटाकडे निघालेल्या मालगाडीची पूर्ण चार मिनिटं त्यात होती. आधी पुढची इंजिनं, मग वाघिणींचा लांबलचक खडखडाट, मग मागून ढकलणाऱ्या बँकरांची घरघर, जमिनीतून आल्यासारखी. म्हाताऱ्याला पाठवलं. रात्री उत्तर आलं, एकच ओळ: मागे किती इंजिनं होती?

मला काय माहीत! मी प्लॅटफॉर्मवर पुसायच्या बटणाकडे बघत होतो. बाबा पलीकडे उंडा पाव चहात बुडवून खात होते. मोबाईल त्यांच्या कानाशी धरला. संपेपर्यंत ऐकलं नाही त्यांनी.

“तीन,” म्हणाले. “त्यातल्या एकाला दुरुस्तीला पाठवायला हवं.”