सूर्य नसलेली संक्रांत

14 जानेवारी, ट्रॉम्सो

आज संक्रांत. सण सूर्याचा, आणि सूर्याचाच पत्ता नाही. नोव्हेंबरच्या अखेरीस तो बुडाला तो बुडालाच. दुपारी बाराच्या आसपास आकाश निळं-जांभळं होतं, थोडा वेळ दिव्याशिवाय वाचता येतं, की पुन्हा मिट्ट काळोख. उत्तर नॉर्वेत शिकायला जाते म्हटल्यावर सगळ्यांनी थंडीची भीती घातली होती. थंडीचं एवढं काही नाही, समुद्राच्या उबदार प्रवाहामुळे ती सोसवते. अंधाराबद्दल मात्र कोणी चकार शब्द काढला नव्हता.

सकाळी आईचा फोन. "काळं घाल हं आज." काळा रंग ऊन धरून ठेवतो म्हणून संक्रांतीला काळं, हे मान्य, पण इथे धरायला ऊन कुठलं? उलट अंधारात काळ्या कपड्यातला माणूस गाडीवाल्याला दिसतच नाही, म्हणून शाळकरी पोरांपासून आज्यांपर्यंत सगळे जाकिटावर चमकपट्ट्या लावून फिरतात. मी काळा कुडता घातला, वर जाकीट, दंडाला चमकपट्टी. हलव्याचे दागिने समजून मिरवली.

तीळ इथल्या कुठल्याही दुकानात मिळतात. चिक्कीचा गूळ आईने साताऱ्याहून दिवाळीच्या पार्सलातच पाठवून ठेवला होता. होस्टेलच्या सामायिक स्वयंपाकघरात पाक केला, हाताला तूप लावून गरम गरमच लाडू वळले. तळवे अजून चुरचुरतायत. शेजारच्या खोल्यांतून वाटले. "तिळगूळ घ्या, गोड बोला" म्हणायचं खरं, पण या माणसांना आधी नुसतं "बोला" म्हणायला हवं. एकाने लाडू खाल्ला, मान डोलावली, दुसरा उचलला आणि दार लावून घेतलं. ही इथली भरभरून दाद.

रात्री पंचांगाचा विचार करत बसले. सूर्य उत्तरेकडे वळतो तो 21-22 डिसेंबरलाच. आपली संक्रांत ताऱ्यांच्या हिशोबाने चालते, त्यामुळे सुमारे 70 वर्षांत एक दिवस अशी ती पुढे सरकत गेली. शाळेत हे कळलं तेव्हा सण चुकीच्या तारखेला करतो की काय, असं वाटलं होतं. इथे मात्र तारीख बरोबर जुळते. काळरात्र संपते ती जानेवारीच्या मध्यावरच.

21 जानेवारी

आज 'सूलदागेन', सूर्याचा दिवस. गणिताने सूर्य पाच-सहा दिवसांपूर्वीच वर आलाय, पण डोंगरांमुळे गावातून तो दिसायला आजची तारीख उजाडते. बेकऱ्यांत जॅम भरलेले गोल गोड पाव, 'सूलबोलर'. सूर्य आला की गोड खायचं, हे यांनाही कोणी शिकवावं लागलेलं नाही! मी दोन खाल्ले. ढग होते, डोंगरापलीकडे सोनेरी कड तेवढी दिसली. पोरं तरी ओरडत होती.

दिवस तिळातिळाने मोठा होतो म्हणतात. पुण्यात सर्वांत लहान आणि सर्वांत मोठ्या दिवसात जेमतेम सव्वादोन तासांचा फरक, तिथे तीळच मोजावे लागणार. इथे रोज दहा मिनिटांहून जास्त वाढ. महिनाअखेरीपर्यंत चार तासांच्या पुढचा दिवस. मला तर आजच झोपेतून उठल्यासारखं वाटतंय.

रविवारी रथसप्तमी. आईला दूध उतू घालवायची पद्धत विचारली. म्हणाली, अंगणात गोवऱ्या पेटव, पूर्वेला तोंड कर. म्हटलं, अंगण नाही, गोवऱ्या नाहीत, आणि सूर्य इथे जवळजवळ दक्षिणेलाच उगवतो, घटकाभर रेंगाळून तिथेच मावळतो.

दक्षिण म्हटल्यावर फोनवर शांतता. यमाची दिशा. मग आजीला विचारून निकाल आला: सूर्य दिसेल तिकडे तोंड कर, पण दूध त्या विजेच्या शेगडीवर सांडू नकोस, घासायला तूच आहेस.