बाँडच्या माणसांनी घडवलेला दुसरा हेर

‘द इप्क्रेस फाइल’ हा ब्रिटिश हेरपट दाखवायचा असला की मी आमच्या बॅकस्टेजच्या पोरांना आधी श्रेयनामावली वाचायला लावते, सिनेमा मग. निर्माता हॅरी सॉल्ट्झमन. संगीत जॉन बॅरी. संकलन पीटर हंट. प्रॉडक्शन डिझाइन केन ॲडम. साठच्या दशकातले बाँडपट ज्यानं पाहिलेत तो इथंच सरसावून बसतो. ही चारही नावं ‘गोल्डफिंगर’ या बाँडपटावर आहेत, आणि ‘गोल्डफिंगर’ लंडनमध्ये लागला सप्टेंबर १९६४ मध्ये. ‘इप्क्रेस’ आला मार्च १९६५ मध्ये. मध्ये जेमतेम सहा महिने.

मी नेपथ्य करते. पुरुषोत्तम करंडक स्पर्धेला कॉलेजच्या एकांकिकेसाठी पुण्यात भरत नाट्य मंदिराच्या विंगेत लेव्हल्स, म्हणजे लाकडी चौथरे, उचलण्यापासून सुरुवात झाली आणि मग त्यातच राहिले. त्यामुळे सिनेमा पाहताना माझी नजर नटाच्या आधी त्याच्या मागच्या भिंतीवर जाते. आणि ‘इप्क्रेस’मधल्या भिंतींनी मला जितकं शिकवलं तितकं फार थोड्या सिनेमांनी शिकवलंय.

गोष्ट थोडक्यात सांगते, शेवट सांगत नाही. हॅरी पामर हा सैन्यातला सार्जंट. बर्लिनमध्ये काळ्या बाजारात हात मारताना सापडला, म्हणून लष्करी तुरुंगाऐवजी हेरखात्यात आणून बसवलेला. जाड काळ्या फ्रेमचा चष्मा लावतो, पगारवाढीवर डोळा ठेवतो, साहेबाला उलट बोलतो आणि स्वयंपाक मनापासून करतो. इंग्लंडमधले शास्त्रज्ञ गायब होतायत, आणि एक परत आला तर त्याचं डोकं कामातून गेलेलं. ते कोण करतंय आणि कसं, हे याला शोधायचंय. परवा डेक्कनवर एका मैत्रिणीच्या हॉलमध्ये भिंतीवर प्रोजेक्टर लावून आम्ही तो पाहिला, तेव्हा पहिल्या वीस मिनिटांत एका मुलानं विचारलं, “ताई, हा हेर आहे की एखाद्या ऑफिसातला क्लार्क?” त्याला म्हटलं, थांब, हेच विचारायला हवं होतं.

सॉल्ट्झमनला हा क्लार्क का सुचावा? तो बाँडच्या दोन निर्मात्यांपैकी एक, इतकंच बहुतेकांना ठाऊक असतं. पण त्याआधी या कॅनेडियन माणसानं नाटककार जॉन ऑस्बर्न आणि दिग्दर्शक टोनी रिचर्डसन यांच्याबरोबर वुडफॉल ही कंपनी काढली होती. ‘लुक बॅक इन अँगर’ आणि ‘सॅटरडे नाइट अँड संडे मॉर्निंग’ हे तिचे सिनेमे. कोंदट खोल्या, कारखान्यातली माणसं, तुटपुंजी मिळकत, धुमसणारा राग. म्हणजे बाँडचं ऐश्वर्य आणि गिरणगल्लीतली घुसमट या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या पदरी होत्या. ‘इप्क्रेस’मध्ये त्यानं त्या एकत्र आणल्या. स्वतःचाच बाँड जोरात चाललेला असताना त्याच्या बरोब्बर उलट हेर उभा करायचा, तोही आपल्याच माणसांकडून, याला निर्मात्याची छाती लागते. सॉल्ट्झमनबद्दल बरंवाईट पुष्कळ लिहिलं गेलंय. माझ्या लेखी या एका निर्णयासाठी तो मोठा.

आता केन ॲडम. हा मूळचा बर्लिनचा, क्लाउस ॲडम. ज्यू घर, शहरात त्यांचं मोठं दुकान. नाझी आल्यावर १९३४ मध्ये कुटुंब इंग्लंडला आलं. त्यानं लंडनला वास्तुकलेचे धडे घेतले, आणि युद्धात जन्मानं जर्मन असूनही ब्रिटिश हवाई दलात टायफून विमानं उडवली. ‘डॉ. नो’ या पहिल्या बाँडपटाचे सेट त्याचेच. ‘डॉ. स्ट्रेंजलव्ह’मधली ती वॉर रूम, मधोमध भलंमोठं गोल टेबल आणि त्यावर दिव्यांचं कडं, तीही त्याचीच. ‘गोल्डफिंगर’मध्ये तर त्यानं फोर्ट नॉक्सचा खजिना नुसत्या कल्पनेनं बांधला, छतापर्यंत सोन्याच्या विटा रचून; आत जाऊन पाहायची परवानगीच नव्हती. असा हा भव्यतेचा बादशहा. आणि ‘इप्क्रेस’मध्ये त्याच्या वाट्याला काय? सरकारी खोल्या. जुन्या लंडनच्या उंच छताच्या घरात थाटलेली कचेरी, बोडक्या भिंती, टेबलं, फोन, दिवे. लग्नाच्या पंगती उठवणारा आचारी घरी नुसतं पिठलं करतो तेव्हा त्याचा खरा हात कळतो, तसा मला ॲडम इथं कळला.

त्या खोल्यांत वस्तू कमी आहेत. हे नीट पाहा. सरकारी कचेरी म्हटली की आपण नेपथ्यवाले काय करतो? मध्यंतरी एका प्रायोगिक नाटकासाठी मला कचेरीच करायची होती. जुन्या बाजारातून डायलचा फोन आणला, रद्दीवाल्याकडून फायलींचे गठ्ठे आणले, बोहरी आळीतून जुन्या धाटणीच्या कड्या-कोयंडे. दिग्दर्शक तरुण होता. त्याला आणखी एक कपाट, आणखी एक नकाशा, भिंतीवर घड्याळ असं वाढतच हवं होतं. त्याला बसवून ‘इप्क्रेस’मधले कचेरीचे प्रसंग दाखवले. खोली मोठी, टेबल लहान, आणि मधल्या रिकाम्या फरशीवर पामर उभा. त्या रिकाम्या जागेतच साहेबाचा वरचष्मा दिसतो. दुसऱ्या दिवशी तालमीत आम्ही कपाट काढलं, नकाशा काढला, टेबल मागे ढकललं. नटाला दारापासून टेबलापर्यंत चालत जायला चार पावलं जास्त लागायला लागली, आणि प्रसंग तिथल्या तिथं उभा राहिला.

ॲडमचा हात फक्त एका ठिकाणी सैल सुटतो: पामरला ज्यात डांबतात तो खोका. मोठ्या गोदामासारख्या जागेत उभी केलेली एक बंद खोली. मधोमध खुर्चीला जखडलेला माणूस, भिंतींवर फिरणारे रंगीत आकार, आणि डोकं पोखरणारा आवाज. इप्क्रेस हे नाव त्याच प्रयोगाचं, लांबलचक इंग्रजी संज्ञेची आद्याक्षरं जोडून केलेलं. शुद्धीवर राहायला पामर वाकडा खिळा तळहातात खुपसून घेतो. सगळ्या सिनेमाभर ॲडमनं हात आखडता घेतलाय म्हणूनच हा खोका अंगावर येतो.

पण नेपथ्य एकट्याचं नसतं, ते कॅमेरा कुठं ठेवलाय त्यावर ठरतं. इथं कॅमेरा कुठंही ठेवलाय! दिग्दर्शक सिडनी फ्युरी तेव्हा तिशी नुकतीच ओलांडलेला, तोही कॅनडाचा. त्याला पटकथा मुळीच आवडली नव्हती. पहिल्याच दिवशी त्यानं सगळ्यांसमोर ती जाळली, ही आठवण पामरचं काम करणाऱ्या मायकेल केननं सांगितलेली आहे. मग त्यानं केलं काय, तर साध्यातला साधा संवाद दिव्याच्या शेडमागून, कुणाच्या खांद्याआडून, दाराच्या फटीतून, जमिनीला डोकं टेकल्यासारखा खालून टिपला. हेराच्या गोष्टीत आपण प्रेक्षकही चोरून पाहतोय असं वाटायला लागतं. काही समीक्षकांना हा अतिरेक वाटला. मला दोन-तीन ठिकाणी वाटतो, बाकी सिनेमाभर नाही.

हे टिपणारा छायालेखक ओटो हेलर, प्रागमध्ये १८९६ मध्ये जन्मलेला, म्हणजे तेव्हा सत्तरीला टेकलेला. ‘द लेडीकिलर्स’ आणि ‘पीपिंग टॉम’ त्यानं आधीच केले होते. एवढ्या अनुभवी माणसानं निम्म्या वयाच्या दिग्दर्शकाचा हट्ट असा उचलून धरला याचं मला फार कौतुक आहे. सिनेमा टेक्निस्कोपमध्ये आहे. नेहमी एका चौकटीला फिल्मच्या कडेची चार छिद्रं लागतात, यात दोनच. त्यामुळे फिल्म निम्मी लागते, आणि रुंद पडद्यासाठी खास भिंगं लावावी न लागल्यानं जवळचं आणि लांबचं दोन्ही एकदम स्पष्ट ठेवणं सोपं जातं. नाकासमोरचा टेलिफोनही स्वच्छ, मागचा माणूसही स्वच्छ. आणि कॅमेरा जमिनीजवळ गेला की छत दिसतं. रंगमंचावर आम्हाला छत करावंच लागत नाही, तिथं लाइट टांगलेले असतात. चौकटीत छत आलं की दिवे वर लपवता येत नाहीत; उजेड खिडकीतून यायला हवा नाहीतर टेबलावरच्या दिव्यातून. म्हणूनच या खोल्यांतला उजेड खरा वाटतो.

यातला एक प्रसंग मी पोरांना पुन्हा पुन्हा दाखवते. लंडनच्या अल्बर्ट हॉलच्या पायऱ्यांवर पामरची मारामारी होते. बाँडपटात अशा वेळी कॅमेरा ठोशाठोशाला उडी मारतो. इथं तो शेजारच्या टेलिफोनच्या खोक्यात जाऊन बसतो आणि काचेच्या चौकटींमधून बघत राहतो. लाल पट्ट्या मध्ये येतात, माणसं एका काचेतून दुसऱ्या काचेत जातात, मध्येच दिसेनाशी होतात. रस्त्यानं जाणाऱ्याला दिसली असती तशी मारामारी. एक दमडीचा सेट नाही.

पीटर हंटबद्दल एवढंच सांगते की बाँडपटांना त्यांचा वेग याच माणसाच्या कात्रीनं दिला, आणि पुढे १९६९ चा बाँडपट त्यानं स्वतः दिग्दर्शित केला. इथं मात्र तो घाई करत नाही.

जॉन बॅरीवर थांबायलाच हवं. बाँडची ती पितळी वाद्यं ऐन भरात असताना यानं इथं सिंबालोम घेतलं. हंगेरीकडचं वाद्य, तारांवर काड्यांनी वाजवायचं, आपल्या संतूरच्या नात्यातलं. वाजवलंय जॉन लीच यानं. सकाळी अलार्म होतो, पामर डोळे उघडतो तर सगळं धूसर, चाचपडत चष्मा लावतो तेव्हा जग स्पष्ट होतं; मग कॉफीचे दाणे दळणं, कॉफी करणं, आणि वर ती एकाकी, किंचित उदास धून. संतूर कानात घेऊन वाढलेल्या आपल्या लोकांना ती चटकन भिडते, हे मी दर वेळी पाहिलंय.

नटमंडळींत मायकेल केन अर्थातच पहिला. मूळ नाव मॉरिस मिकलव्हाइट, वडील लंडनच्या मासळीबाजारात हमाल, आई धुण्याभांड्याची कामं करणारी. आदल्याच वर्षी ‘झुलू’मध्ये त्याला खानदानी अधिकारी केलं होतं, आणि त्याच सिनेमात नायजेल ग्रीन हा सार्जंट होता. इथं उलटं: ग्रीन मेजर डॅल्बी आणि केन सार्जंट! ग्रीनचा तो ताठ, मिशीवाला मेजर आणि गाय डोलमनचा थंड कर्नल रॉस, या दोन साहेबांच्या मधे पामर सापडलेला. रॉस त्याला सुपरमार्केटात गाठतो तो प्रसंग चुकवू नका. देशाच्या सुरक्षेची बोलणी चालू आहेत आणि पामरचं लक्ष अळंबीच्या डब्यावर. गॉर्डन जॅक्सननं केलेला कार्सवेल थोडाच वेळ आहे, पण सगळ्यात लोभस तोच. पामरची सहकारी आणि मैत्रीण झालेल्या सू लॉइडला लेखकांनी काम कमी दिलंय, याची मला दर वेळी चुटपुट लागते. पामरचा चष्मा ती काढते त्या एका क्षणात तिनं किती काय केलंय!

आणि एक माणूस, ज्याचा चेहरा पडद्यावर नाही पण हात आहेत. पामर सू लॉइडसाठी ऑम्लेट करतो तेव्हा एका हातानं अंडी फोडली जातात. ते हात केनचे नाहीत, कादंबरीकार लेन डेटनचे आहेत. डेटन शिकलेला चित्रकार, आणि ‘ऑब्झर्व्हर’मध्ये चित्रांतून पाककृती सांगणारं सदर चालवायचा. ती चित्रं पामरच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर लावलेली दिसतात. कादंबरीत नायकाला नावच नाही. हॅरी पामर हे नाव सिनेमावाल्यांनी दिलं. म्हणजे लेखकानं आपल्या बिननावाच्या माणसाला स्वतःचे हात दिले आणि स्वतःची भिंतही दिली. नाटकाची प्रॉपर्टी, म्हणजे रंगमंचावरच्या वस्तू, सांभाळणाऱ्या पोरांना मी हे आवर्जून सांगते. पात्राच्या खोलीत काय टांगायचं हा प्रश्न इतका मनावर घ्यायचा असतो.

ब्रिटिश अकादमीनं ‘इप्क्रेस’ला तीन पारितोषिकं दिली: उत्कृष्ट ब्रिटिश चित्रपट, रंगीत छायालेखनासाठी हेलर आणि रंगीत कलादिग्दर्शनासाठी ॲडम. ॲडमला पुढे ऑस्करही मिळाली, ‘बॅरी लिंडन’साठी आणि ‘द मॅडनेस ऑफ किंग जॉर्ज’साठी.

पामरचा दुसरा सिनेमा ‘फ्युनरल इन बर्लिन’, १९६६ चा. मायकेल केन तोच, रॉस तोच, हेलर आणि ॲडमही तेच. दिग्दर्शक मात्र ‘गोल्डफिंगर’चा गाय हॅमिल्टन, आणि बॅरी, हंट, फ्युरी तिघंही नाहीत. कॅमेरा सरळ उभा राहतो, सिंबालोम गेलं, सिनेमा नेटका झाला आणि थोडा परका. तरी तो पाहाच, एका कारणासाठी. तेरा वर्षांचा असताना ज्या शहरातून ॲडमला घरच्यांबरोबर निघावं लागलं, तेच बर्लिन, आता मधोमध भिंत घातलेलं, या सिनेमात त्याच्या हाताखाली आलंय. पुढच्या महिन्यात मैत्रिणीच्या हॉलमध्ये तो लावतोय. श्रेयनामावली आधी.