दरमहा दरशेकडा एक

नोकरीची बहुतेक वर्षे बँकेच्या ठेव विभागात गेल्यामुळे असेल, पण नाशिकच्या पांडवलेण्यांतील दहाव्या लेण्याच्या शिलालेखाचे भाषांतर प्रथम हाती आले, तेव्हा माझी नजर दात्याच्या कुळावर किंवा त्याच्या पुण्यकर्मांवर न ठरता थेट व्याजाच्या दरावर गेली. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात ह्याने ३००० कार्षापणांची (कार्षापण हे त्या काळचे नाणे) कायम ठेव, लेखाच्या शब्दांत ‘अक्षयनीवी’, नाशिकजवळच्या गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे व्यवसायसंघांकडे, ठेवली. एका श्रेणीकडे २००० कार्षापण दरमहा दरशेकडा एक ह्या दराने, तर दुसरीकडे १००० कार्षापण दरमहा दरशेकडा पाऊण ह्या दराने. पहिल्या रकमेच्या व्याजातून लेण्यात वर्षावासाला, म्हणजे पावसाळ्यातल्या मुक्कामाला, राहणाऱ्या वीस भिक्षूंना चीवरासाठी (वस्त्रासाठी) प्रत्येकी बारा कार्षापण द्यावयाचे होते. सावानाच्या (सार्वजनिक वाचनालय, नाशिक) वाचनकक्षात बसून मी वहीच्या कडेला हिशेब मांडला: २००० वर वर्षाचे व्याज २४०, आणि वीस बारे २४०. एक कार्षापणही इकडचा तिकडे होत नाही. शिवाय लेख बजावतो की हे कार्षापण ‘अपडिदातवा वढिभोजा’ आहेत, म्हणजे मुद्दल परत द्यायचे नाही, फक्त वाढ खायची.

साधारण त्याच काळातली दुसरी एक नोंद उत्तर इटलीतील वेलेइया ह्या गावी १७४७ साली सापडलेल्या काशाच्या पत्र्यावर आहे. सम्राट ट्राजनच्या (इ.स. ९८ ते ११७) योजनेतून तेथील जमीनमालकांना १०,४४,००० सेस्टर्शियस (रोमन नाणी) कर्जाऊ दिले गेले, त्यावर दरसाल दरशेकडा पाच व्याज ठरले आणि त्या व्याजातून २८१ मुलांचे पोषण व्हायचे होते. औरस मुलगे २४५, त्यांना महिना १६. औरस मुली ३४, त्यांना १२. अनौरस मुलगा एक, त्याला १२, आणि अनौरस मुलगी एक, तिला १०. हाही हिशेब मी करून पाहिला. वर्षाचा खर्च येतो ५२,२०० आणि मुद्दलाचे पाच टक्केही तेवढेच. दोन्ही ठिकाणच्या कारकुनांना मी मनोमन हात जोडले.

आता ही दोन कागदपत्रे शेजारी ठेवली की मनात पहिला विचार येतो तो असा: नाशिकला बारा टक्के, इटलीत पाच टक्के, म्हणजे दख्खनमध्ये भांडवल दुर्मीळ आणि रोममध्ये मुबलक, आणि म्हणून पुढच्या दीड-दोन हजार वर्षांच्या वाटा तिथेच फुटल्या. दीर्घ पल्ल्याच्या इतिहासावरची कितीतरी विधाने अशाच दोन आकड्यांवर उभी केलेली असतात. परंतु बँकेत चार दिवस काम केलेला माणूसही विचारील की तारण काय होते? वेलेइयाचे कर्ज जमिनीच्या तारणावर होते. शेत हलत नाही, ते मालक बदलले तरी बोजासह पुढे जाते. गोवर्धनच्या श्रेणीने मात्र काही गहाण ठेवल्याचा उल्लेख लेखात नाही; निगमसभेत, म्हणजे नगराच्या सभेत, वाचून दाखवल्याची आणि रीतसर नोंद केल्याची साक्ष तेवढी आहे. तारणी आणि विनातारणी कर्जाचे दर एका रकान्यात मांडून निष्कर्ष काढला, तर आमच्या शाखेतला शिकाऊ मुलगाही हसला असता. त्यातून खुद्द रोममध्ये कायद्याने चालणारा कमाल दर महिन्याला शेकडा एक हाच होता, तेव्हा बाराविरुद्ध बारा असेही मांडता येते आणि मग निष्कर्ष उलटा पडतो.

ह्या तुलनेतून मला मिळाले ते दरापेक्षा वेगळेच. ‘आचंद्रसूर्य’ चालावे असे दान द्यायचे झाले तर ते कोणाच्या हवाली करावे, हा प्रश्न दोन्ही समाजांपुढे होता. एकाने त्याचे उत्तर जमीन असे दिले, दुसऱ्याने विणकरांची संघटना असे दिले. माझ्या मते तुलनेला घ्यावे ते असे काम. त्या कामाला कोणत्या काळात कोणते नाव होते, हे नंतर पाहावे. नावांपासून सुरुवात केली की काय होते, ते भारतीय सरंजामशाहीच्या वादात दिसले. इतिहासकार रामशरण शर्मांनी १९६५ साली भूमिदानांच्या ताम्रपटांवरून ती संकल्पना सविस्तर मांडली. १९८१ साली हरबन्स मुखियांनी विचारले की इथल्या शेतकऱ्याच्या हाती त्याची उत्पादनसाधने राहिली असताना युरोपातला साचा इथे बसतोच कसा? वाद वर्षानुवर्षे चालला आणि त्यातून पुष्कळ चांगले संशोधन बाहेर आले, हे खरे. पण त्यातली बरीच शक्ती शब्द लागू पडतो की नाही ह्यावर खर्च झाली, असे मला वाटते.

दुसरी अडचण इंग्रज शास्त्रज्ञ गाल्टन ह्यांनी दाखवलेली. १८८८ साली लंडनमध्ये मानववंशशास्त्रज्ञ टायलर ह्यांनी साडेतीनशेच्या आसपास समाजांच्या विवाहचालींची तुलना मांडली, तेव्हा गाल्टन ह्यांनी आक्षेप घेतला की ही उदाहरणे एकमेकांपासून स्वतंत्र आहेत कशावरून? एकाने दुसऱ्याची चाल उचलली असेल तर ती दोन उदाहरणे न राहता एकच होते. नाशिक आणि इटली हेही बंद डबे नव्हते. भडोच बंदरात रोमन नाणी येत होती, आणि त्या व्यापाराचे ग्रीक भाषेतील वर्णन लिहिणाऱ्या नाविकाला तिथला जो राजा ठाऊक होता, तो बहुतेक अभ्यासकांच्या मते नहपानच. त्यावरून शेकडा एकचा दर जहाजातून आला असे म्हणण्याला मात्र कोणताही आधार नाही. कौटिल्याने महिन्याला शेकडा सव्वा पण (नाणे) हा दर धर्म्य ठरवलेला आहेच.

फ्रेंच इतिहासकार मार्क ब्लॉक ह्यांनी १९२८ साली तुलनेचे दोन प्रकार सांगितले: फार दूरच्या समाजांची, आणि एकमेकांशेजारच्या, एकमेकांवर परिणाम करणाऱ्या समाजांची. त्यांचा ओढा दुसरीकडे होता. मी हल्ली त्याच्याही अलीकडे सरकलो आहे: डोंगर एकच ठेवायचा आणि काळ बदलू द्यायचा. गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पाडाव केला. सिन्नर तालुक्यातल्या जोगलटेंभीला १९०६ साली सापडलेल्या नहपानाच्या तेरा हजारांहून अधिक चांदीच्या नाण्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश नाण्यांवर त्याने आपला छाप पुन्हा मारलेला आहे. ही झाली घटना. पण त्याच विजेत्याने अठराव्या राज्यवर्षी गोवर्धनच्या अमात्याला आज्ञा पाठवून डोंगरावरच्या भिक्षूंना २०० निवर्तने (जमिनीचे जुने माप) शेत दिले, आणि ते शेत पूर्वी उषवदाताकडे होते, असे लेखच सांगतो. पुढे तिसऱ्या शतकात आभीर राजा ईश्वरसेनाच्या नवव्या वर्षी विष्णुदत्ता नावाच्या शक उपासिकेने आजारी भिक्षूंच्या औषधासाठी पुन्हा श्रेणींकडेच ठेवी ठेवल्या. त्यांत कुंभार आहेत, तेली आहेत आणि ‘ओदयंत्रिक’ म्हणजे बहुधा पाणयंत्रे करणारे कारागीरही आहेत. क्षत्रप, सातवाहन, आभीर अशी राजवट दोनदा बदलली, तरी दान टिकवण्याची रीत तीच राहिली. दीर्घकालीन रचना म्हणजे काय, हे मला कोणत्याही व्याख्येपेक्षा ह्या एका डोंगराने नीट दाखवले. (खाली मुंबई-आग्रा रस्त्यावरून ट्रक चालले असतात, तेही थळघाटानेच चढून आलेले असतात.)

ही रीत कधी आणि का विरळ झाली, रोकड ठेवींच्या जागी जमिनीची दाने कशी वाढली, हे पाहायचे असेल तर जुन्नरच्या लेण्यांतले श्रेणींचे लेख पहिल्यांदा शेजारी घ्यावे लागतील, वेलेइया नंतर. तूर्त मी एका लहान कोड्यात अडकलो आहे. दोन्ही श्रेणी विणकरांच्याच, गाव एकच, दाता एकच, लेखही एकच. मग एकीला शेकडा एक आणि दुसरीला पाऊण का? अधिक भरवशाचा कर्जदार कमी व्याज देतो, हा आमच्या धंद्यातला साधा नियम. तो इथे लावला तर दुसरी श्रेणी अधिक पत असलेली ठरते, पण तसे असते तर उषवदाताने मोठी रक्कम पहिलीकडे का ठेवली असती? कदाचित पहिलीला भांडवलाची गरज जास्त होती, कदाचित चीवरांचे २४० भरायचेच होते म्हणून दर आधी ठरला आणि श्रेणी नंतर शोधली गेली. १००० वर पाऊण टक्क्याने वर्षाचे ९० होतात. पुढच्या खेपेला त्या नव्वदांचा हिशेब घेऊन बसणार आहे.