रात्रभर जागरण आणि काळा दोरा

तपासणीला आलेल्या एका मुलीच्या फाइलमध्ये दुसऱ्या एका दवाखान्यातला ईईजीचा रिपोर्ट होता. शेवटची ओळ: रेकॉर्डिंग समाधानकारक नाही, केस सरळ करून तपासणी पुन्हा करावी. लिहिणाऱ्याने ते असं लिहिलं होतं, जणू येताना आधार कार्डाची झेरॉक्स आणा.

मी पुण्यातल्या एका रुग्णालयात ईईजी टेक्निशियन आहे. माणसाच्या डोक्याला एकवीस वायरी चिकटवणं आणि मेंदूच्या लाटा कागदावर (आता स्क्रीनवर) उतरवणं हे माझं काम. ही मुलगी नायजेरियातल्या इबादानची, इथे एम.एस्सी. करायला आलेली, राहायला कोंढव्यात. सकाळी उठल्या उठल्या तिचे हात झटका बसल्यासारखे उडायचे. चहाचा कप, टूथब्रश, मोबाइल, हातात असेल ते भिरकावलं जायचं. मैत्रिणी तिला धांदरट म्हणून चिडवायच्या. मग परीक्षेच्या आदल्या रात्री जागून अभ्यास केला आणि सकाळी बाथरूमच्या दारातच तिला मोठी फिट आली. आमच्या डॉक्टर सरांना हकीकत ऐकूनच शंका आली होती. त्यांनी चिठ्ठीवर लिहिलं: जागरण करवून ईईजी.

ज्यांनी ही तपासणी पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडं सांगते. नाकाच्या वरच्या खोबणीपासून डोक्याच्या मागच्या उंचवट्यापर्यंत टेप लावायची, एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत लावायची, आणि त्या अंतराच्या दहा-दहा, वीस-वीस टक्क्यांवर पेन्सिलीने खुणा करायच्या. 1958 साली हर्बर्ट जॅस्पर यांनी मांडलेली ही पद्धत जगभर चालते. खुणेवरची कातडी खरखरीत जेलने घासायची, इलेक्ट्रोडच्या छोट्या वाटीत पेस्ट भरायची आणि ती वाटी थेट कातडीवर दाबून बसवायची. सगळी मेख त्या ‘थेट’मध्ये आहे. मेंदूची लाट मायक्रोव्होल्टमध्ये मोजतात. वाटी आणि कातडी यांच्यामध्ये केसांचा थर राहिला की विजेचा रोध वाढतो आणि मेंदूऐवजी भिंतीतल्या वायरिंगची 50 हर्ट्झची गुणगुण दिसायला लागते. म्हणून पेस्ट जास्त थापली, तर ती पसरून शेजारच्या वाटीला जाऊन मिळते, आणि दोन जागांचं मिळून एकच काहीतरी उमटतं. त्या जुन्या रिपोर्टच्या ट्रेसमध्ये, म्हणजे उमटलेल्या रेषांमध्ये, हे दोन्ही प्रकार होते.

तिचे केस दाट, अगदी बारीक वेटोळ्यांचे, कानाच्या पाळीपर्यंत येणारे. मी विचारून बोटांनी भांग पाडून पाहिला. बोट काढलं की भांग मिटला. क्लिप लावली, ती सटकली.

मी सरांना फोन केला. ते ओपीडीत घाईत होते. म्हणाले, “पार्लरमध्ये जाऊन इस्त्री करून यायला सांगा ना.”

फोनवरचं तिला ऐकू गेलं असावं. ती शांतपणे म्हणाली, “मॅम, मी तीन वर्षं या केसांना गरम काही लावलेलं नाही आणि या तपासणीसाठीही लावणार नाही.” मग तिने कारणं सांगितली. या केसाचा छेद गोल नसतो, चपटा असतो, आणि तो जिथे जिथे वळतो तिथे तो कमजोर असतो. इस्त्री जास्त तापली की केसातलं केराटिन हे प्रथिन कायमचं बिघडतं. मग धुतल्यावरही वेटोळं परत येत नाही, केस लोंबत राहतो, आणि तेवढा भाग कापून टाकण्यावाचून इलाज नसतो. आणि इस्त्री करायची तर आधी केसांना उष्णतेपासून वाचवणारं सीरम चोपडावं लागतं. त्यात सिलिकॉन असतं. हे ऐकल्यावर मी कान टवकारले, कारण सिलिकॉनच्या थरावर माझी पेस्ट धरत नाही. म्हणजे पार्लरचा सल्ला तिच्या केसांना तर वाईट होताच, माझ्या कामालाही निरुपयोगी होता.

“पण केस लांब करता येतात की,” ती म्हणाली. “दोऱ्याने. माझी रूममेट करते.”

पश्चिम आफ्रिकेत ही रीत जुनी आहे. ओल्या केसांची बट घ्यायची, मुळाशी काळ्या दोऱ्याचे घट्ट वेढे द्यायचे, मग तोच दोरा टोकापर्यंत गुंडाळत न्यायचा आणि गाठ मारायची. केस ताणलेल्या अवस्थेत वाळू द्यायचे. केसाचा आकार धरून ठेवणारे काही बंध असे असतात की ते पाण्याने सुटतात आणि वाळताना पुन्हा जुळतात. वाळताना केस सरळ असेल तर ते सरळच जुळतात. पुन्हा पाणी लागलं की पहिल्यासारखं वेटोळं हजर. नुकसान काही नाही. वेण्या घालून किंवा पीळ देऊनही केस लांब होतात, रबरबँड ठरावीक अंतराने लावूनही होतात, पण वेणीत आणि पिळात मुळाजवळचा भाग बराचसा तसाच आखडलेला राहतो. दोरा मुळापासून सुरू होतो. आणि मला तर मुळाशीच काम होतं!

अडचण एकच होती. त्या मंडळींमध्ये केस धुतले की क्रीम, शिया बटर, तेल असं काही ना काही लावतात, नाहीतर विंचरताना केस तुटतात. आमच्या सूचनेत यातलं काहीच चालत नाही. बराच वेळ चर्चा झाली. शेवटी तिनेच मार्ग काढला: आधी कंडिशनर लावून, रुंद दातांच्या फणीने टोकाकडून मुळाकडे गुंता सोडवायचा, केसांचे भाग करून सैल पेड घालायचे, आणि मग पेड तसेच ठेवून शाम्पूने दोनदा धुवायचं. त्यानंतर काहीही न लावता थेट दोरा. मी एका कागदावर वरून दिसणारं डोकं काढलं, त्यावर माझ्या एकवीस खुणा केल्या आणि म्हटलं, “तुझ्या रूममेट मैत्रिणीला सांग, भांग शक्यतो या रेषांवरून काढ.”

रात्रभर जागायचं होतंच. एरवी लोक जागरणासाठी मोबाइल बघत बसतात आणि पहाटे चारला हमखास डुलकी लागते. हिची रात्र केसांत गेली. अशा पेशंटला जागरण घडवणं तसं जोखमीचं, त्यामुळे सरांच्या अटी कडक होत्या. एकटीने राहायचं नाही, गॅसजवळ जायचं नाही, येताना दुचाकी नाही.

सकाळी दोघी रिक्षातून उतरल्या तेव्हा पावसाची झड लागली होती. पेशंटच्या डोक्याला साटिनचा स्कार्फ, त्यावर आंघोळीची प्लास्टिकची टोपी. ओल लागली की रात्रभराची मेहनत पाण्यात, म्हणून. टोपी काढली तर करंगळीएवढ्या जाडीच्या, काळ्या दोऱ्यात वेढलेल्या बटा ताठ उभ्या. आमच्या मावशी फरशी पुसता पुसता थांबल्या. “अगं बाई! कुणी केलं गं हे?” जवळ येऊन त्यांनी एका बटेच्या मुळाशी बोट लावलं. “दुखत नाही ना पोरी? आमची आई आगवळ अशी आवळायची, की संध्याकाळपर्यंत कपाळ ठणकायचं.” मी भाषांतर केलं. मैत्रीण गंभीरपणे म्हणाली की दुखलं तर ते चुकलं, फार ताणलं तर कपाळाकडचे केस कायमचे जातात.

आणि ते भांग! माझ्या कागदावरच्या रेषा जशाच्या तशा डोक्यावर. नाकापासून मानेपर्यंत एक, कानापासून कानापर्यंत एक, बाजूंना त्यांना समांतर. मधे स्वच्छ, कोरडी कातडी. टेप लावून मोजलं तर निम्म्याहून जास्त खुणा भांगातच पडत होत्या. तिथे दोरा सोडायचीही गरज पडली नाही. बाकीच्या ठिकाणी मैत्रीण तेवढीच एक बट उलगडायची. टोकाची गाठ कात्रीच्या टोकाने अलगद सोडवायची, दोरा उलटा फिरवत मुळापर्यंत यायची, आणि आदल्या दिवशी कानाशी थांबणारे केस खांद्यावर पडायचे. मी ते बाजूला घेऊन क्लिप लावायची, आणि या वेळी क्लिप टिकायची. डोक्याच्या मागच्या सगळ्या बटा मात्र उलगडाव्या लागल्या. ताठ बटांवर डोकं टेकून झोपणार कशी? उशीखाली टॉवेलचं कडं करून दिलं. पावसाळी हवेत उलगडलेल्या बटा टोकांकडून आखडायला लागल्याच होत्या, म्हणून मी एसी चालू केला आणि हात भराभर चालवले.

रोध तपासला. पाच किलोओमच्या खाली सगळे, फक्त डाव्या कानामागचा एक अडून बसलेला. तो पुन्हा घासून बसवला, तोही उतरला.

तपासणीत थोडा वेळ जोरजोरात श्वास घ्यायला लावतात. त्याआधी मी तिला सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराबद्दल विचारलं. तो असेल तर हा भाग करत नाहीत, धोका असतो. विदर्भातून किंवा नंदुरबारकडून आलेल्या पेशंटला हे विचारलं तर बरेचदा घरी फोन करावा लागतो. तिने प्रश्न संपायच्या आत उत्तर दिलं: “एए.” म्हणजे सिकलसेल नाही. त्यांच्याकडे लग्न ठरवताना हे विचारतात, त्यामुळे ते रक्तगटासारखं पाठ असतं.

दिवा मालवला आणि ती मिनिटभरात झोपली. ट्रेस इतका स्वच्छ होता की मी मनातल्या मनात त्या मैत्रिणीला दाद दिली. झोपेत दोन-तीनदा काहीतरी चमकून गेलं. खरं चित्र जागं केल्यावर आलं: दोन्ही बाजूंना एकाच क्षणी, पुढच्या भागात ठळक, टोकदार काट्यांचे झुबके आणि मागोमाग संथ लाट, सेकंदाला चार-पाच. त्याच क्षणी तिचा उजवा हात चादरीवर उडाला. मैत्रीण पुटपुटली, “हेच. सकाळी हेच होतं.” मी व्हिडिओवर वेळेची नोंद केली आणि सरांना बोलावलं. निदान सांगणं टेक्निशियनचं काम नाही, चेहरा कोरा ठेवणं मात्र आहे.

सर स्क्रीनपुढे बराच वेळ उभे राहिले. किशोरवयात सुरू होणारी मायोक्लोनिक एपिलेप्सी (हात असे उडवणारा फिटचा आजार), औषधाने बहुतेकांना चांगला आराम पडतो, पण जागरण कायमचं बंद. मुलीचं वय बघून त्यांनी व्हॅल्प्रोएट हे फिटचं औषध टाळलं, कारण पुढे गरोदरपणात ते बाळाला घातक ठरू शकतं, आणि लेव्हेटिरॅसिटॅम लिहून दिलं. तिने एवढंच विचारलं, “म्हणजे मी धांदरट नाही?” मैत्रिणीने मान खाली घातली.

पेस्ट काढायला मी तिला कोमट पाणी आणि भरपूर कंडिशनर सांगितलं, सुक्यावर फणी नाही. ते तिला सांगायची खरं म्हणजे गरज नव्हती.

नंतर शोधल्यावर कळलं की अमेरिकेत, पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात आर्नेल एटिएन या विद्यार्थिनीने सहकाऱ्यांबरोबर याच प्रश्नावर काम केलंय. टाळूला चिकटून जाणाऱ्या वेण्या त्या एकवीस खुणांच्या हिशेबाने घालायच्या आणि वेण्यांच्या खाली अडकून बसतील असे खास इलेक्ट्रोड वापरायचे. त्यांचा शोधनिबंध 2020 चा आहे. म्हणजे 1958 पासून 2020 पर्यंत खुणा होत्या, मोजमाप होतं, पण ज्याचे केस असे आहेत त्याने काय करायचं हे आमच्या पुस्तकात तरी कुणी लिहिलेलं नव्हतं. ते खास इलेक्ट्रोड आमच्याकडे नाहीत. दोरा आहे.

आमच्या सूचनापत्रकात सरांनी सही करून एक परिच्छेद घातलाय: केस सरळ करण्यासाठी उष्णता किंवा रसायन वापरू नये, तपासणीच्या आदल्या दिवशी टेक्निशियनला भेटावं, भांगांचा नकाशा मिळेल. मागच्या महिन्यात एक सुदानी विद्यार्थिनी आली, तेव्हा मी त्या मैत्रिणीलाच फोन केला आणि ती आली. तिला मानधन द्यावं म्हणून मी ऑफिसात अर्ज दिला, तर तिथून उलट प्रश्न आला की दोरा बांधण्याचा बिलिंग कोड कोणता. तूर्तास मी तिला रिक्षाभाडं आणि कँटीनचं जेवण देते. इबादानला एवढ्या कामाचे किती घेतात, ते तिने मला एकदा सांगितलंय. रिक्षाभाडं त्याच्या जवळपासही जात नाही.