आमची वाटचाल : कापडी पंखांचा कारखाना

आमच्या विमानाला लोक जुन्या वळणाचं म्हणतात. म्हणोत. क्रोमोली पोलादाच्या नळ्यांचा सांगाडा, पंखात स्प्रूस लाकडाचे स्पार, म्हणजे लांबीभर जाणारे मुख्य वासे, वर कापड, शेपटीला चाक, आणि एकट्यानं उडवायचं तर मागच्या सीटवर बसायचं. ही रीत १९३८ च्या पायपर जे-३ कब या छोट्या अमेरिकी विमानाची. १९४७ पर्यंत तसली जवळजवळ २०,००० विमानं बनली. आमची वर्षाला दोन होतात, फार तर तीन.

सुरुवातीला मी, माझा जोडीदार आणि एक मोडका सांगाडा. वेल्डिंग त्याचं. सांधा गॅसवर करायचा आणि आपोआप निवू द्यायचा. कुणी फुंकर घातली तरी तो ओरडायचा. शेवटी नळीला बारीक भोक पाडून आत गरम जवसाचं तेल खेळवायचं, निथळू द्यायचं, भोक बुजवायचं. त्यानं बांधलेला जिग, म्हणजे नळ्या जागेवर धरणारा साचा, अजून वापरात आहे. जोडीदार आता नाही.

मधली वर्षं बरी गेली.

मग आमची विक्री सांभाळणारा सोडून गेला. जाताना विमानाच्या आराखड्यांच्या प्रती आणि आमच्या हाताखाली तयार झालेला वेल्डर घेऊन गेला. सहा महिन्यांत त्याचं विमान बाजारात आलं. 'तेच विमान, निम्म्या वेळात.' निम्म्या वेळात काय गाळलं, ते कुणी विचारलं नाही.

नेमकं तेव्हाच आमच्या एका विमानाच्या वार्षिक तपासणीत स्पारवर आडवी रेघ सापडली. कॉम्प्रेशन फेल्युअर, म्हणजे दाबानं लाकडाचे तंतू चिरडलेले. मालकानं ग्राउंड लूपमध्ये, म्हणजे जमिनीवर विमान गर्रकन फिरलं तेव्हा, पंखाचं टोक जमिनीवर आपटलं होतं आणि तसंच उडवत राहिला होता. पण 'यांचे पंख मोडतात' ही बातमी आमच्या पत्राआधी सगळीकडे पोचली. कुणी पोचवली, हे सांगायला नको.

आम्ही सगळी विमानं परत बोलावली. एकूण एक पंखाचं कापड फाडलं. दुसऱ्या एका स्पारचा रेषा-उतार, म्हणजे लाकडाच्या रेषांचा तिरकेपणा, १५ ला १ या मर्यादेपेक्षा जास्त निघाला. ती चूक आमची, लाकूड मीच पारखलं होतं. बाकीचे स्पार निर्दोष होते, पण ते ऐकायला कोण थांबलं होतं? मागण्या रद्द झाल्या. पगार थकले. १९३७ मध्ये पायपरचा अमेरिकेतल्या ब्रॅडफर्डचा कारखाना जळाला आणि ते लॉक हेवनच्या रिकाम्या रेशीम गिरणीत गेले, ही गोष्ट मी त्या दिवसांत स्वतःला रोज सांगायचो. आमच्याकडे रिकामी गिरणीही नव्हती.

आमचं पहिलं गिऱ्हाईक उड्डाण शिकवणारे एक गुरुजी. सगळ्यात आधी विमान त्यांनीच आणून लावलं. 'उघडा,' एवढंच म्हणाले. पुढे तीन आठवडे रोज येऊन पंखाच्या पलीकडून लांब सुई परत देत रिबचे, म्हणजे कापड पंखाच्या फासळ्यांना बांधायचे, टाके घालू लागले. आमचा एक टाका सैल पडला तेव्हा त्यांनी तो न बोलता कापला. जाताना न मागता दुसऱ्या विमानाची आगाऊ रक्कम ठेवून गेले. त्या रकमेवर कारखाना उभा राहिला.

जुनं विमान घेणाऱ्यांनो, रंगावर आणि इंजिनाच्या तासांवर भाळू नका. तपासणीच्या झाकणातून टॉर्च तिरका धरा, स्पारवरची आडवी रेघ सरळ उजेडात दिसत नाही. स्पारवरच्या प्लायवुडच्या पट्टीची कड जिथे संपते तिथे दोनदा बघा. आणि पॉलिएस्टर कापड घरी ताणणार असाल तर इस्त्रीला थर्मामीटर लावा. १७७ अंश सेल्सिअसच्या वर कापड ताणायचं सोडून सैल पडतं.

आराखडे घेऊन गेलेल्या त्या गृहस्थाचा कारखाना बंद पडला. परवा त्याचं एक विमान दुरुस्तीला आमच्याकडे आलं. कापड उघडलं. टाक्यांचं अंतर अगदी आमचं. गाठ मात्र चुकीची, प्रत्येक रिबवर.

गुरुजींना फोटो पाठवला.