नाका ओळखीचा, पण स्टेशन कुठल्या अंगाला?

"ताई, नितीन कंपनीचा सिग्नल आहे हे दिसत होतं ओ मला. पण स्टेशन कुठल्या अंगाला, तेच कळेना."

काका ठाण्यात तरुणपणापासून रिक्षा चालवतात. लोकमान्यनगरहून स्टेशनचं भाडं घेतलं, नितीन कंपनीला थांबले आणि सिग्नल सुटल्यावर हँडल कुठे वळवायचं हेच सुचेना. मागून हॉर्न सुरू झाले. पॅसेंजरला वाटलं, हा दुपारीच पिऊन आलाय. तो शिव्या घालत उतरून गेला. काकांनी रिक्षा कडेला घेऊन मुलाला फोन लावला, आपण कुठे उभे आहोत ते बिनचूक सांगितलं, आणि घरी कसं यायचं ते त्यालाच विचारलं.

एमआरआयमध्ये उजव्या बाजूला, मेंदूचे दोन अर्धगोल जोडणाऱ्या पट्ट्याच्या मागच्या टोकाशी छोटासा रक्तस्राव दिसला होता. हा रेट्रोस्प्लेनियल भाग. मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, म्हणजे आजारानंतर रोजची कामं पुन्हा जमावीत म्हणून रुग्णांना मदत करते, आणि या भागाला एवढाच नेमका मार बसलेला रुग्ण सहसा समोर येत नाही. हातापायांत ताकद होती, बोलणं स्वच्छ होतं, डावा-उजवा हात बरोबर सांगत होते. ठाण्यातल्या जागांचे फोटो दाखवले: गडकरी रंगायतन, कोपिनेश्वर मंदिर, तीन हात नाका. एकही चुकला नाही. उलट प्रत्येक ठिकाणी रिक्षा कुठे उभी करू देत नाहीत, तेही सांगून झालं. मग कोऱ्या कागदावर मी स्टेशनचा ठिपका काढला आणि तलावपाळी कुठे येईल ते विचारलं. पेन्सिल कागदावर फिरत राहिली, टेकली मात्र कुठेच नाही.

खोलीत बसून याहून जास्त कळणार नव्हतं. म्हणून एका सकाळी मी, काका आणि त्यांचा मुलगा तलावपाळीला गेलो.

गडकरीसमोरच्या फुटपाथवर काका खुलले. रात्री नाटक सुटलं की इथे रिक्षांची लाइन कशी लागते, पावसात कोण किती जास्त मागतं, सगळं रंगवून सांगत होते. मी म्हटलं, "काका, आता बोटाने जांभळी नाका दाखवा." बोट एकीकडे गेलं, थांबलं, मग दुसरीकडे गेलं, शेवटी खिशात गेलं. "बरं, स्टेशन दाखवा." यावर त्यांनी थोडा वेळ रस्त्याकडे पाहिलं आणि ठामपणे हात केला. दिशा अगदी बरोबर! मी विचारलं, कसं कळलं?

"सकाळची वेळ आहे. ही सगळी डबेवाली, पाठीला बॅगवाली माणसं तिकडंच पळतायत की."

दिशा समोरच्या दृश्यातून आपसूक उमगायला हवी. इथे ती माणसांच्या घाईवरून हिशेब करून काढलेली होती. हुशारी शाबूत होती, आतला दिशेचा काटा तेवढा जागचा हलला होता. तलावाच्या कडेने चालताना तेच दिसत गेलं. मंदिर उलट्या बाजूनेही लगेच ओळखायचे, पण प्रत्येक वळणानंतर त्यांचं ठाणं पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचं.

बाकावर बसल्यावर मुलाने मला गाठलं. "मॅडम, सगळं ओळखतात, मग हरवतात कसे?"

प्रश्न अगदी मर्मावरचा होता. खूण ओळखणं हे एक काम, आणि त्या खुणेवरून आपलं तोंड कुठे आहे हे ठरवणं हे दुसरं. मेंदूत ही दोन कामं वेगवेगळ्या जागी चालतात. इमारती आणि देखावे ओळखण्यात मेंदूच्या तळाशी असलेल्या पॅराहिप्पोकॅम्पल भागाचा आणि त्याच्या शेजाऱ्यांचा मोठा वाटा असतो. दिशेसाठी वेगळ्या पेशी आहेत. मेंदूचे संशोधक जेम्स रँक यांना त्या 1984 मध्ये उंदरांत सापडल्या. उंदराचं डोकं एका ठरावीक दिशेला वळलं की त्यातली एक पेशी जोरात चालू होते, दुसऱ्या दिशेला दुसरी. 1990 मध्ये टॉब, म्युलर आणि रँक यांनी गोल पिंपाच्या आतल्या भिंतीला एक पांढरं कार्ड लावून पाहिलं. कार्ड भिंतीवर 90 अंश सरकवलं की पेशींची दिशाही साधारण तेवढीच सरकायची. म्हणजे आतला काटा बाहेरच्या खुणेला बांधलेला असतो. काकांची ही गाठच सुटली होती. जपानमध्ये ताकाहाशी आणि सहकाऱ्यांनी 1997 मध्ये काकांसारखीच रेट्रोस्प्लेनियल भागाला इजा झालेल्या तीन रुग्णांचं वर्णन केलं आहे. त्यांनाही ओळखीच्या इमारती ओळखू यायच्या, पण पुढे कुठे जायचं ते कळायचं नाही. याच्या उलटही होतं: माणूस नकाशा काढून देतो, पण स्वतःच्या बिल्डिंगसमोर उभा राहून पाटी वाचतो.

मुलाला यातलं किती पोचलं कोण जाणे. काकांना मात्र लंडनच्या टॅक्सीवाल्यांची गोष्ट भारी आवडली. तिथे परवान्यासाठी सुमारे 25 हजार रस्ते पाठ करावे लागतात, आणि 2000 साली मेंदूच्या संशोधक एलिनॉर मॅग्वायर यांनी दाखवलं की त्या चालकांच्या हिप्पोकॅम्पसचा, म्हणजे मेंदूतल्या आठवणी आणि वाटा सांभाळणाऱ्या भागाचा, मागचा हिस्सा इतरांपेक्षा मोठा असतो. "आमचं डोकं कुणी मोजलं?" काका म्हणाले. मुलाने फोनवर मॅप लावायचं सुचवलं. वळणं बोलून दाखवणारा फोन या दुखण्यात खरंच उपयोगी पडतो. पण ठाण्यात रिक्षा चालवणाऱ्याला फोनमधली बाई वळणं सांगणार, हे काकांना मानवेना.

मग आम्ही कार्डं करायला घेतली. दिशा आतून येत नाही, तर ती शब्दांत बांधून खुणेला अडकवायची: अमुक दिसलं की डावीकडे. खुणा निवडताना मी एक चकचकीत मोबाइलचं दुकान सुचवलं. काकांनी ते झटकून टाकलं. "दिवाळीनंतर तिथं चपला विकतील." त्यांना हवं होतं देऊळ, पेट्रोल पंप, शाळेची भिंत. मी चाट पडले, कारण मॅग्वायर यांच्याच गटाने 2012 मध्ये दाखवलं होतं की जी खूण जागची हलत नाही, तिला रेट्रोस्प्लेनियल भाग खास प्रतिसाद देतो. आणि वाटा चुकणाऱ्या लोकांना टिकाऊ खुणा नीट निवडता येत नाहीत. मार त्याच भागाला, तरी ही पारख शिल्लक कशी? डावी बाजू धड होती म्हणून, की वर्षानुवर्षांचं शहाणपण आणखी कुठेतरी साठलेलं होतं? न्यूरॉलॉजिस्टशी यावर माझा अजून वाद चालू आहे.

अशा रुग्णांत काही महिन्यांत बरीच सुधारणा होते, आणि काकांचीही होते आहे. घर ते स्टेशन ते आता पायी, कार्ड न काढता जातात. रिक्षा सध्या पुतण्या चालवतो. संध्याकाळी काका त्याच्या मागे पॅसेंजरच्या सीटवर बसतात आणि प्रत्येक नाक्याच्या आधी वळण मोठ्याने सांगतात. पुतण्या वैतागतो, पण हा व्यायाम मीच लिहून दिलेला आहे.