बरं

रविवार, रात्र

झोप येत नाही. कारण सांगायलाही लाज वाटावी एवढंसं आहे. चारशे रुपये.

मावशींचे गेल्या महिन्यात चार खाडे झाले. लेकीचं बाळंतपण. एक तारखेला मी कालनिर्णयावरच्या फुल्या मोजल्या, तीन हजारांतून चारशे वजा केले आणि उरलेले त्यांच्या हातावर ठेवले. त्यांनी नोटा दोनदा मोजल्या, ‘बरं’ म्हणाल्या आणि भांडी घासायला लागल्या. त्याच संध्याकाळी मी दशांशाचं, म्हणजे चर्चला द्यायच्या मिळकतीच्या दहाव्या हिश्शाचं, पाकीट भरलं. बँकेचं व्याजसुद्धा धरून, अगदी रुपयापर्यंत.

आज उपासनेत वाचनाची पाळी माझी होती. बायबलातलं मत्तय 23. पुदिना, शेप, जिरं यांचा दशांश काढायचा आणि न्याय, दया, विश्वास सोडून द्यायचे, म्हणून प्रभू येशू शास्त्री-परूशी या धर्मपुढाऱ्यांना झोडपतो तो भाग. मी चांगला खणखणीत वाचला. वाचताना चर्चच्या पंचकमिटीतल्या दोघातिघांचे चेहरे डोळ्यांसमोर होते, खोटं कशाला बोलू. घरी येऊन भाजी निवडायला घेतली (शेपूच होता, मंडईत स्वस्त मिळाला म्हणून) आणि ते ‘बरं’ कानात वाजलं.

तक्रार केली असती तर बरं झालं असतं. भांडता तरी आलं असतं.

सगळेच कापतात. खालच्या मजल्यावर तर दिवाळीचीही सुट्टी मोजतात. आणि माझे खाडे कोणी सोडले? आईच्या आजारपणात माझीही रजा बिनपगारीच होती. तेव्हा मंडळीतून कोण आलं होतं ते... जाऊ दे.

2020 च्या ऑक्टोबरात फादर स्टॅन स्वामींना रांचीहून अटक करून तळोजाच्या तुरुंगात ठेवलं. कंपवातामुळे पेला धरवत नव्हता, तर स्ट्रॉ आणि सिपरसाठी कोर्टात अर्ज करावा लागला. बायकांच्या प्रार्थनासभेत मी म्हटलं, त्यांच्यासाठी प्रार्थना करू या. ‘राजकारण नको,’ एकजण म्हणाली. केवढी भांडले होते मी! आदिवासी कच्च्या कैद्यांसाठी झटणारा माणूस, कॅथलिक असला म्हणून काय झालं? 5 जुलै 2021 ला ते गेले तेव्हा रात्रभर रडले. ते रडणं खरं होतं, एवढं तरी माझं मला ठाऊक आहे. पण रांची कुठल्या कुठे. मावशी माझ्याच ओट्यापाशी.

आणि पणजी. 1900 च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंच्या माणसांनी तिला गुजरातेतून केडगावला, त्यांच्या मुक्ती मिशनमध्ये आणलं. हे आम्ही प्रत्येक लग्नात सांगतो. कोण, कुठली, किती दिवस राहणार, याच्या फुल्या तिथे कोणी मारल्या नसाव्यात, नाहीतर मी हे लिहायला नसते.

घरकामगारांसाठी 2008 साली कायदा झाला, कल्याण मंडळ झालं. खाड्यांचा निकाल मात्र अजून घरोघरच्या भिंतीवरच लागतो. मावशींची नोंदणी करून देते म्हणाले होते मी. कधीतरी.

सोमवार

सकाळी चारशे रुपये दिले. ‘ते खाडे राहू देत,’ म्हटलं. जरा भाषणही तयार ठेवलं होतं.

मावशींनी नोटा दोनदा मोजल्या.

‘बरं.’

अगदी तोच सूर. मला हसूच आलं. मग बारशासाठी परवा येणार नाही म्हणाल्या, आणि माझी नजर गेलीच भिंतीकडे.